चेअरमनच्या मागची खुर्ची

नवी मुंबईतल्या तमाम सुजाण नागरिकांना, विशेषतः खांदेश्वर ते नेरूळ या पट्ट्यातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आजी-माजी पदाधिकाऱ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की एकाच जन्मात रोमन सेनापती आणि सूर्यमालेतला ग्रह ही दोन्ही पदं भूषवलेला जगातला एकमेव माणूस आपल्यातच राहतो, त्याला संध्याकाळच्या चहात आलं चालत नाही, आणि त्याच्या कानाशी वाकून ‘लक्षात ठेवा, तुम्ही मरणार आहात’ असं कुजबुजण्याचं काम काही काळ माझ्याकडे होतं. हे पद मानद होतं. मोबदल्यात एक कप चहा आणि वर खारी. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण तिथलं एकही काम मी इतकं मन लावून केलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, एखाद्या माणसाच्या कानात रीतसर, त्याच्याच विनंतीवरून, त्याचं मरण सांगण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही. अंगावर काटा येतो तो भाग वेगळा. तो दोघांच्याही येतो.

त्यांना सगळे चेअरमन म्हणत. खांदेश्वरच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये ते पहिल्या दिवसापासून चेअरमन होते, आणि नेरूळला दिलेली त्यांची मुलगीसुद्धा मला फोनवर “चेअरमन जेवले का हो?” असंच विचारायची. त्याआधी कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा धर्मकाटा होता. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढायचा, मग माल भरून चढायचा, आणि दोन्ही वजनांतला फरक म्हणजे माल. उभी हयात हेच केल्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते आधी रिकामी आणि मग भरलेली अशा दोन नजरांनी बघत. लग्नाच्या पंगतीत माणूस बसताना आणि उठताना ते त्याला न्याहाळत आणि माझ्या कानात आकडा सांगत. एकदा माझ्याच मेव्हण्याबद्दल सांगितला. मेव्हण्याने ऐकला. तो विषय इथे नको.

तर या धर्मकाट्यावर एक दिवस फाटक्या पोत्यातून पडलेली दोन पुस्तकं एका ड्रायव्हरने त्यांच्या टेबलावर आणून टाकली. एक होतं ग्रहांविषयी, शाळेतल्या पोरांसाठी, रंगीत चित्रांचं. दुसरं होतं प्राचीन रोमनांकडून नेतृत्वाचे धडे कसे घ्यावेत याबद्दल, टाय लावणाऱ्या साहेबांसाठी. ट्रकांच्या रांगेतून सवड काढत चेअरमननी दोन्ही पुस्तकं एकाच आठवड्यात आलटून-पालटून वाचली आणि तिथेच घोटाळा झाला. तिकडच्या लोकांनी ग्रहांना रोमन देवांची नावं दिलेली आहेत हे कळल्यावर त्यांची पक्की खात्री झाली की ही दोन पुस्तकं नाहीतच, एकाच ग्रंथाचे दोन खंड आहेत. वर आकाशात ज्या नियमाने ग्रह चालतात त्याच नियमाने खाली रोम चालला, आणि त्याच नियमाने आपली सोसायटी चालली पाहिजे. पुढची कित्येक वर्षं आम्ही बारा बिऱ्हाडांनी या एका गैरसमजाखाली काढली.

ग्रह कशाला म्हणायचं याच्या तीन अटी आहेत, आणि त्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असत. पहिली, तो सूर्याभोवती फिरला पाहिजे. दुसरी, स्वतःच्या वजनाने गोल झालेला पाहिजे. तिसरी, आपल्या वाटेवरचा सगळा आजूबाजूचा कचरा त्याने साफ केलेला पाहिजे. चेअरमन या तीन अटी सभासदांना लावत. जो रोज नेमाने कामाला जातो तो पहिल्या अटीत बसला. दुसऱ्या अटीसाठी ते फक्त पोटाकडे बघत आणि समाधानाने मान हलवत. तिथे आमच्याकडे नापास कोणी नव्हतंच. खरी परीक्षा तिसऱ्या अटीची. जिन्यात चपलांचं कपाट, दारात सायकल, कठड्यावर फडकी, म्हणजे कक्षा साफ नाही, म्हणजे तुम्ही ग्रह नाही. तळमजल्यावरच्या म्हात्र्यांनी जिन्याखाली जुनी मासेमारीची जाळी ठेवली होती. ती काढा म्हणून चेअरमन स्वतः खाली गेले आणि म्हात्र्यांना त्यांनी सूर्यमाला समजावली. म्हात्र्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चेअरमन, या बिल्डिंगीच्या खाली माज्या आज्याचा मिठागर हाय. तुमीच माज्या वाटंवर हाव. कवा साफ करू, सांगा.” चेअरमन इतके खूश झाले की त्यांनी म्हात्र्यांना तिथल्या तिथे गुरू ग्रह जाहीर केलं. जाळी राहिली.

पण त्यांचा जीव होता तो प्लूटोवर. त्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवला ही गोष्ट ते घरातल्या माणसाला नोकरीवरून काढल्यासारखी सांगत. तिसऱ्या अटीवर गेला बिचारा, वाटेवर इतरांची गर्दी होती म्हणून. आणि मत कधी घेतलं, तर जगभरचे शास्त्रज्ञ परिषदेला जमले होते त्यातले बहुतेक जण घरी निघून गेल्यावर, उरलेल्यांनी हात वर करून. “कोरम बघितला का कोणी?” ते मला विचारत, जणू मी तिथे होतो. प्लूटो म्हणजे रोमनांचा यम, हे सांगताना ते आवाज खाली आणत. म्हणत, “त्यांनी यमाला मतदान करून काढलंय, नाटक्या. तो काय गप्प बसेल?” ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये मी दरवर्षी भुताचं काम करायचो म्हणून त्यांनी मला नाटक्या हे नाव दिलेलं होतं.

आता रोमनांकडे वळू. रोमला एकाच वेळी दोन प्रमुख असत आणि एकाचा हुकूम दुसरा रद्द करू शकत असे. चेअरमननी म्हणून सोसायटीला दोन सेक्रेटरी नेमले. पहिल्याने पाण्याची टाकी साफ करायचा हुकूम काढला, दुसऱ्याने तो रद्द केला, पहिल्याने दुसऱ्याचं रद्द करणं रद्द केलं, आणि टाकीत शेवटी शेवाळाची अशी हिरवीगार गादी तयार झाली की नळाच्या पाण्याला तलावाचा वास येऊ लागला. मग खरोखरच पाणी तुटलं तेव्हा चेअरमननी दुसरा धडा काढला. संकटात रोमन लोक एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता देत. एक जण तर शेतात नांगर धरून उभा होता, त्याला तसाच बोलावून नेला, त्याने युद्ध जिंकलं आणि पुन्हा येऊन नांगर धरला. चेअरमननी सर्वाधिकार घेतले, रोज पहाटे जाऊन टँकरच्या वाटेत आडवे उभे राहिले, वरच्या ऑफिसांचे उंबरे झिजवले आणि पाण्याची नवी लाइन आणलीच. हे मात्र खरं. आणि अधिकार सोडून परतले. नांगर नव्हता, म्हणून गच्चीवर जाऊन कुंडीतली मिरची खुरपली.

त्या विजयाची मिरवणूक निघाली आणि तिथूनच आपल्या खऱ्या गोष्टीला सुरुवात होते. जिंकून आलेल्या सेनापतीची रथातून मिरवणूक काढायची, आणि त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्याच्या मागे एक माणूस उभा करायचा, ज्याने सबंध वाटभर त्याच्या कानात फक्त एवढंच म्हणायचं, ‘लक्षात ठेव, तू मरणार आहेस’, अशी रोमनांची रीत होती म्हणतात. म्हात्र्यांच्या टेम्पोवर चेअरमन उभे राहिले. मागे उभं राहायला कोणी तयार होईना. पाणी आणलेल्या माणसाला मरण कोण सांगणार? शेवटी काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदर खोचून टेम्पोत चढल्या आणि बिल्डिंगला तीन फेऱ्या होईपर्यंत नवऱ्याच्या कानात म्हणत राहिल्या, “अहो, लक्षात ठेवा, तुम्ही मरणार आहात. आणि निघताना गॅस बंद केलाय का?”

चेअरमननी गॅस जन्मात कधी बंद केलेला नव्हता. चहाचं आधण ठेवायचं आणि ग्रहांकडे बघत गच्चीवर जायचं ही त्यांची पद्धत. पण त्या दिवसापासून काकूंची नेमणूक कायम झाली. आमच्या सभा गच्चीवर होत. चेअरमनच्या मागे, उजव्या कानाच्या बाजूला, घडीची एक लोखंडी खुर्ची असे. तिच्या पुढच्या एका पायाची रबरी टोपी हरवलेली होती, त्यामुळे बसलेला माणूस पुढे झुकला की ती टक् असा आवाज करी. काकू तिच्यात बसून वालाच्या शेंगा सोलत. चेअरमनचा आवाज चढला, कोणावर बोट उगारलं गेलं, की टक्. काकू पुढे झुकत, दोन शब्द बोलत, आणि रोमचं साम्राज्य आपलं मुकाट्याने खाली बसे. शिवाय दुसरं एक काम त्या करत. सभेत ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला पाठिंबा द्यायला एक अनुमोदक लागतो. अनुमोदक नसला की ठराव बारगळतो. चेअरमनचे निम्मे ठराव असे असत की त्यांना अनुमोदक देव आला असता तरी मिळाला नसता. गेटवर दगडी गरुड बसवावा, असा एक होता. सगळे जमिनीकडे बघत बसले. मागून टक् वाजलं, आणि काकूंचा शेंग धरलेला हात वर आला. “माझं अनुमोदन. आता उठा सगळे, चहा गार होतोय.” गरुड अर्थातच बसला नाही, पण ठराव मंजूर झाला.

काकू गेल्या त्या एका पावसाळ्याच्या आरंभी, फार त्रास न देता. त्यानंतरच्या सभेत चेअरमन बोलायला उभे राहिले, बोलता बोलता आवाज चढला, आणि मधेच थांबले. थांबून राहिले. आम्हाला कळेना काय झालं. ते मागच्या टक्ची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावून त्यांनी चहा दिला आणि प्लूटोची एक नवीच गोष्ट सांगितली. म्हणाले, त्याला एक मोठा चंद्र आहे, जवळजवळ त्याच्या निम्मा. ती दोघं एकमेकांभोवती अशी फिरतात की दोघांची तोंडं कायम एकमेकांकडे. कोणी कोणाला पाठ दाखवत नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नाटक्या, मागची जागा रिकामी आहे. तुझा आवाज बरा आहे.”

मी ते काम किती रंगवून केलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पहिल्याच सभेला मी शाल पांघरून गेलो. योग्य क्षणी पुढे झुकायचं, खुर्चीला टक् वाजू द्यायचं, एक श्वास थांबायचं, आणि मग अगदी घशातून, थंड पाण्याची धार सोडल्यासारखं, “लक्षात ठेवा... तुम्ही... मरणार आहात.” समोरच्या रांगेतल्या बायकाही पदर सावरून बसत. चेअरमनच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसत आणि माझ्यातला नट तृप्त होई. फक्त एक होतं. मी बोललो की ते मान हलवत आणि तरीही क्षणभर कान तसाच ठेवत, जणू वाक्य अजून पुरं व्हायचं आहे. गॅसचं मला कधी सुचलं नाही.

मग विचित्र गोष्टी सुरू झाल्या. कधी कधी मी तोंड उघडण्याआधीच चेअरमन “ऐकलं, ऐकलं” असं पुटपुटत आणि खाली बसत. मी ते माझ्या कलेच्या खाती जमा केलं. पण एका सभेच्या दिवशी कळंबोलीला ट्रेलर आडवा झाला, मी अडकून पडलो, आणि पोहोचलो तेव्हा लोक जिना उतरत होते. चेअरमननी माझ्या खांद्यावर थाप मारली. “आज अगदी वेळेवर बोललास. नाहीतर मी त्या दुसऱ्या सेक्रेटरीला खाल्ला असता.” मी म्हटलं, चेअरमन, मी आत्ता येतोय. त्यांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं आणि हळूहळू वर निघून गेले. मागून म्हात्रे उतरत होते. हे म्हात्रे म्हणजे असा माणूस की ज्याने स्मशानालगतचा गाळा कोणी घेईना म्हणून स्वस्तात घेतला आणि तिथे केकचं दुकान काढलं. ते म्हणाले, “खुर्ची वाजली रं. आमाला वाटला तूच आलास.” आणि पान लावायला निघून गेले. मी वर गच्चीवर जाऊन खुर्ची बघावी असं मनात आणलं होतं. नाही गेलो. घरी काम होतं.

त्यानंतर बिल्डिंगच्या स्लॅबने अंग टाकायला सुरुवात केली. मिठागराची जमीन, खाली ओल, वर गंज. पाडून नवी बांधण्याखेरीज इलाज नव्हता. चेअरमननी कोणतंही कारण न देता विरोध केला. सभा बोलावली गेली, कोरम झाला नाही, नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली, त्या अर्ध्या तासात बहुतेक जण मॅच बघायला खाली गेले, आणि मग जे उरले तेच कोरम धरून नवा ठराव आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनिअरने तो वाचला. यापुढे पदाधिकारी होण्यास तीन अटी. एक, त्याचा फ्लॅट इथे असावा. दोन, तो सभेला हजर असावा. तीन, पुनर्विकासाच्या वाटेत त्याचा अडथळा नसावा. मी एकट्याने विरोधात हात वर केला. चेअरमन मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. “तिसऱ्या अटीवर,” ते इतक्या कौतुकाने म्हणाले की इंजिनिअर गोंधळला. “तोही तिसऱ्याच अटीवर गेला होता.” त्यांना मानद मार्गदर्शक हे पद देण्यात आलं. प्लूटोला काढून बटुग्रह केला होता, म्हणून ते स्वतः या पदाला बटुचेअरमन म्हणत.

बिऱ्हाडं हलू लागली. आम्ही पलीकडच्या सेक्टरमध्ये भाड्याने गेलो, म्हात्रे गावातल्या घरी गेले. कंत्राटदाराची माणसं रिकाम्या घरांची दारं-खिडक्या काढून नेत होती. लवकरच बिल्डिंगला नुसती भोकं राहिली, आणि संध्याकाळी रस्त्यावरून बघावं तर त्या सगळ्या काळ्या चौकोनांत वर एकच दिवा. चेअरमन जाईनात. नेरूळला मुलीने खोली रंगवून ठेवली होती, खिडकीतून आकाश दिसेल अशी मुद्दाम निवडून. ती मला रोज फोन करी. “काका, त्यांच्या बाथरूमचा स्लॅब पडला. ते आत असते तर?” सोमवारी पाणी आणि वीज तुटणार होती, त्यानंतर हातोडे. मी गेलो की चेअरमन मला ज्वालामुखीची राख पडत असतानाही जागा न सोडणाऱ्या एका रोमन पहारेकऱ्याची गोष्ट सांगत. एकदा म्हणाले, “बघ, आता माझ्या वाटेवर कोणी राहिलं नाही. कक्षा साफ. तिन्ही अटी पुऱ्या. आता मी पूर्ण ग्रह आहे.” हे ते हसून म्हणाले, पण मोकळ्या जिन्यातून त्याचा प्रतिध्वनी आला तो हसलेला नव्हता.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी मी म्हात्र्यांना टेम्पो घेऊन खाली उभं केलं आणि वर चढलो. तुम्ही आपल्याच बिल्डिंगच्या जिन्याने कधी दारं नसलेल्या घरांसमोरून गेला आहात का? जाऊ नका. प्रत्येक उंबऱ्याशी पाय आपोआप थबकतो, कारण इतकी वर्षं तिथून कोणीतरी “काय, आज लवकर?” असं विचारत आलेलं असतं. चौथ्या मजल्यावर चेअरमनच्या घराचं दार तेवढं होतं, आणि ते उघडं होतं. आत कोणी नव्हतं. वरून गच्चीवरून आवाज आला, अगदी सभेतला. “उपस्थिती घेतो.”

ते आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. मागे ती लोखंडी खुर्ची. समोर कोणी नाही. मी सवयीने मागच्या खुर्चीकडे वळलो तसा त्यांनी हात केला. “तिथे नको. आज तू सभासद आहेस. समोर बस.” मी एका पालथ्या बादलीवर बसलो. ते पश्चिमेला बघत होते. तिकडे उजेड विझत आला होता आणि पहिला ठिपका लागला होता.

“शुक्र हजर,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “गुरू हजर. खरा गुरू, म्हात्रे नाही. चला, कोरम झाला.”

मी म्हटलं, “चेअरमन, म्हात्रे खाली टेम्पो घेऊन थांबलेत. नेरूळला ताई वाट बघतेय. उद्या इथे पाणी नसेल.”

“विषयपत्रिकेबाहेरचं बोलू नये,” ते म्हणाले. मग पहिल्यांदाच रोमन नसलेल्या आवाजात म्हणाले, “इथे माणसं होती तोवर ही मागून बोलायची रे. रोज नाही, पण बोलायची. शेवटचं बिऱ्हाड गेलं तेव्हापासून गप्प आहे. मी असा निघून गेलो, आणि नंतर कधीतरी बोलली, तर इथे ऐकायला कोण असणार?”

आयुष्यभर भुताची कामं केलेल्या माणसाला इथे काहीतरी बोलता यायला हवं होतं. मला आलं नाही. शाल नव्हती, आवाज नव्हता. मग सोसायटीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला जे एकच सुचतं ते मला सुचलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी ठराव मांडतो. चेअरमन यांनी आजच जागा सोडून मुलीकडे राहायला जावं.”

ते सरळ बसले. नियम म्हणजे नियम. “सूचक, नाटक्या. ठीक. अनुमोदक?”

मी शुक्राकडे पाहिलं, गुरूकडे पाहिलं. खाली रस्त्यावर एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज लांब, स्टेशनच्या बाजूला विरून गेला. वारा पडला होता. कठड्यावरची फडकीसुद्धा कोणी मागे ठेवली नव्हती, हलायला काही नव्हतंच. चेअरमननी रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. “अनुमोदक?” आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं, ठराव बारगळला म्हणण्यासाठी.

टक्.

मी त्यांच्या समोर होतो. पाच-सात हातांवर. मागच्या खुर्चीत कोणी नव्हतं, हे मी तुम्हाला कुठल्याही देवळात येऊन सांगेन. चेअरमननी मान वळवली नाही. फक्त उजवा कान जरासा मागे नेला, डोळे मिटले, आणि या वेळी वाक्य पुरं होईपर्यंत थांबले. मग डोळे उघडून म्हणाले, “अनुमोदन मिळालं. ठराव मंजूर. सभा बरखास्त.” आणि उठून त्यांनी ती खुर्ची घडी करून काखेत मारली.

जिन्यात मी विचारलं, काय म्हणाल्या काकू? मला वाटलं होतं, तेच, मरणाचं. ते म्हणाले, “म्हणाली, गॅस बंद केलाय. चला.”

त्यांच्या घराशी पोचलो तेव्हा मी उगीच आत डोकावलो. ओट्यावर आधणाचं भांडं होतं, अजून कोमट. बटण बंद होतं. मी विचारलं, “चेअरमन, तुम्ही बंद केलात?” त्यांनी माझ्याकडे, पंगतीत आकडा चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. “मी?” ते म्हणाले. “मी आयुष्यात कधी केलाय?” मग दोघंही जरा भराभर जिना उतरलो.

आता ते नेरूळला असतात. खिडकीतून आकाश दिसतं. जावई, नात आणि मोलकरीण यांच्या सभा घेतात, तिघांनाही ग्रहाच्या अटी पाठ आहेत, आणि मी भेटायला गेलो की चहा मिळतो. खारीसुद्धा. खुर्ची त्यांच्या मागे मांडलेली असते. तिला नवी रबरी टोपी बसवूया असं जावई म्हणाला होता. सूचक तो झाला, अनुमोदक मिळाला नाही. माझी नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी एकच जण बसेल एवढी जागा होती आणि साहजिकच ती वयाने मोठ्या माणसाची. तरी नेरूळ येईपर्यंत चेअरमन आणि मी, दोघंही मागे गाद्यांच्या गुंडाळ्यांवर बसून, डोळ्यांत पाणी येईतो वारा खात गेलो, आणि ते त्यांच्या विजयाच्या मिरवणुकीतसुद्धा नव्हते इतके ताठ बसले होते. म्हात्रे आज ही गोष्ट साफ नाकारतात, दमलो होतो म्हणतात, केकच्या दुकानाची शपथ घेतात. मी तिथेच उभा होतो. आम्ही बिल्डिंगच्या काळ्या दारातून बाहेर आलो, म्हात्र्यांनी आमच्याकडे पाहिलं, पुढचं दार उघडून धरलं, चेअरमन आत पाय टाकणार तोच त्यांच्या दंडाला धरून त्यांना थांबवलं, आणि रोजचंच काही सांगावं तसं मोठ्याने म्हणाले, “तुमी मागं बसा चेअरमन, काकूला पुढं बसवा. मागं वारा जाम हाय.”